नोकरी लागली, बिऱ्हाड कुठे?

सकाळी आदिलाबादहून उटनूरकडे जाणारी बस इंद्रवेल्लीला थांबली की तिच्यातून जी मंडळी उतरतात त्यांची नावे आम्हा गावकऱ्यांना क्वचितच ठाऊक असतात. हुद्दे मात्र ठाऊक असतात. मास्तर, नर्सबाई, बँकेतले साहेब, मंडल कार्यालयातले कारकून. संध्याकाळी हीच मंडळी रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला उभी राहतात आणि आली तशी जातात. याला आमच्याकडे ‘अपडाऊन’ म्हणतात. शब्द इंग्रजी खरा, पण तो आता इतका अंगवळणी पडला आहे की गोंड म्हाताराही तो सहज वापरतो. मुलांची शाळा, पाणी, दवाखाना अशी कारणे सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. आणखी एक कारण हळू आवाजात सांगितले जाते: इथे खोली मिळत नाही.

मागच्या वर्षी नांदेडकडचा एक तरुण मास्तर नव्याने रुजू झाला. त्याला अपडाऊन करायचे नव्हते. गावात राहावे, संध्याकाळी पोरांना थोडे जास्तीचे शिकवावे, अशी त्याची इच्छा. कोणीतरी त्याला माझ्याकडे पाठवले. मी त्याला घेऊन एका ओळखीच्या घरी गेलो. मागच्या अंगाला एक चांगली खोली रिकामी होती. मालकीणबाईंनी चहा दिला, भाडे सांगितले आणि मग, त्या मुलाकडे न पाहता, मला विचारले, ‘‘कोणते लोक?’’ मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, ‘‘आपल्यातलेच.’’

मी हे का बोललो? खोली मिळावी म्हणून. त्या मुलाची जात मला तोवर ठाऊकही नव्हती. तो काही बोलला नाही. चहाचा कप त्याने बशीत उपडा ठेवला, उठला, आणि दुसऱ्या दिवसापासून आदिलाबादहून येऊ-जाऊ लागला. आजही येतो. भेटला की नमस्कार करतो, थांबत मात्र नाही.

त्या रात्री मी बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह पुन्हा काढला. १९६३ सालचा हा संग्रह मी कॉलेजात असताना वाचला होता आणि वर्गात त्यावर टिपणेही लिहिली होती: विद्रोह, नकार, आत्मभान. या खेपेला शीर्षककथा वाचताना मात्र मला निराळेच काही दिसले, आणि मग नोकरीच्या मागे निघालेल्या माणसाच्या बिऱ्हाडाचा शोध मराठी साहित्यात घेत गेलो. तोच येथे मांडतो आहे. शोध अपुरा आहे, पण विषय आपल्या सीमाभागाच्या इतका जिव्हाळ्याचा आहे की अपुरा मांडला तरी चालेल असे वाटले.

* * *

कारखाना गावाला येतो तेव्हा त्याच्याबरोबर माणसे येतात, आणि ती माणसे रात्री कुठे निजणार हे ठरवण्याचे प्रथमदर्शनी दोन मार्ग दिसतात. एक, मालकाने वसाहत बांधावी. दोन, माणसांनी आपापली सोय पाहावी.

पहिल्या मार्गाचे मराठीतले सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे किर्लोस्करवाडी. बेळगावातली जागा सोडावी लागली म्हणून १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर कारखाना हलवला. बेळगावचे कामगार बायकापोरांसह तिथे आले. माळ साफ झाला, घरे झाली, शाळा झाली. पुढे १९२० पासून तिथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली आणि तिचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. कारखान्याच्या वसाहतीने भाषेला मासिक द्यावे ही गोष्ट लहान नाही. १९३० साली ‘स्त्री’, १९३४ साली ‘मनोहर’. महाराष्ट्रातल्या निम्म्या मध्यमवर्गाची अभिरुची या माळावर घडली असे म्हटले तरी फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

पण या वाडीची कथा आपल्यापर्यंत आली ती वसवणाऱ्यांच्या तोंडून. शंकरराव किर्लोस्करांचे ‘यांत्रिकाची यात्रा’ हे लक्ष्मणरावांचे चरित्र आणि त्यांचेच ‘शंवाकीय’ ही पुस्तके आजही वाचावीत अशी आहेत. निवडुंग कसा तोडला, साप कसे मारले, पाणी कसे आणले, हे त्यांतून कळते. जो फिटर बेळगावची आपली गल्ली सोडून बायकोला घेऊन त्या माळावर उतरला, त्याच्या बायकोला पहिल्या रात्री काय वाटले हे कळत नाही. मी हा दोष लेखकाचा मानीत नाही. वसवणारा लिहितो तेव्हा घर ही त्याच्या दृष्टीने सोय असते, सुधारणा असते. ज्याला तिथे राहायचे असते त्याच्या दृष्टीने तेच घर म्हणजे शेजार. सोय मोजता येते, शेजार मोजता येत नाही.

मुंबईचा इतिहास याच मुद्द्यावर फार बोलका आहे. १९२० च्या दशकात सरकारने बी.डी.डी. चाळी बांधल्या: वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी. दोनशेवर चाळी, सोळा हजारांच्या घरात खोल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची, सिमेंटची आणि पक्की. गिरणगाव तेव्हा माणसांनी ओसंडत होते. या खोल्यांवर झुंबड उडायला हवी होती, पण सुरुवातीच्या वर्षांत कितीतरी खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. इतक्या, की १९३० च्या कायदेभंगात वरळीच्या चाळींचा सरकारने तात्पुरता तुरुंग केला! सरकारने कामगारांसाठी घर बांधावे, कामगाराने तिकडे पाठ फिरवावी आणि शेवटी त्यात सत्याग्रहींना कोंडावे, ही गोष्ट एखाद्या कादंबरीकाराच्या नजरेतून सुटायला नको होती.

कामगाराने पाठ का फिरवली? भाडे जास्त होते, हे एक. पण खरे कारण गिरणीच्या दारात होते. बदली कामगाराला रोज सकाळी भोंग्याआधी गेटवर हजर राहावे लागे. त्या दिवशी त्याला आत घ्यायचे की नाही हे जॉबर ठरवी. जॉबर ज्या चाळीत राहतो तिथे, निदान त्याच्या नजरेच्या टप्प्यात, राहणे हा नोकरीचाच भाग होता. शिवाय उधार देणारा वाणी तिथे, महिन्याच्या बोलीवर जेवू घालणारी खानावळवाली तिथे, आणि कोकणातल्या एकाच गावच्या वीस-पंचवीस बाप्यांनी मिळून धरलेला गाळाही तिथेच. त्या गाळ्यात वळकटी ठेवण्याचा हक्क गावाच्या नावावर मिळे. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीवाला निजे. याला निवड म्हणायचे का? म्हणायचेच असेल तर ती चौरस फुटांची नव्हती, माणसांची होती. अडचणीत पाच रुपये कोण देईल, आजारी पडलो तर गावी निरोप कोण धाडील, मेलो तर खांदा कोण देईल, याचा हिशेब करून कामगाराने जागा धरली. तो हिशेब सरकारच्या इंजिनियरला कळला नाही.

आणि आमच्या साहित्याला? ‘चाळ’ म्हटले की सुशिक्षित मराठी वाचकाला १९५८ सालची ‘बटाट्याची चाळ’ आठवते. पु.लं.चे ते पुस्तक मला अतिशय प्रिय आहे, पण ती कारकुनांची चाळ. गिरणगावचा गाळा तिथून फार लांब आहे. गाळ्याची वळकटी आणि पाळी कवितेत आणली ती नारायण सुर्व्यांनी, आणि तिचा शेवट रंगभूमीवर दाखवला तो जयंत पवारांनी. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने गिरणी गेली आणि खोली मात्र उरली. १९९७ च्या ‘अधांतर’ मधले धुरी कुटुंब त्या उरलेल्या खोलीत एकमेकांवर आदळत राहते. नोकरीसाठी धरलेले बिऱ्हाड नोकरी संपल्यावर काय होते, याचे इतके निर्दय दर्शन मी दुसरीकडे वाचलेले नाही. अण्णाभाऊ साठे वाटेगावहून चालत मुंबईला आले आणि पुढे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. ‘चिरागनगरची भुतं’ हे नाव ज्याला सुचते त्याला ठाऊक असते, की माणूस आधी कुठे राहतो त्यावरून ओळखला जातो आणि मग काय करतो त्यावरून.

* * *

आतापर्यंत मी ‘कामगार’ हा शब्द असा वापरला, जणू सगळ्या कामगारांना एकच दार उघडे होते. तसे नव्हते. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आपण दलित आत्मकथनाचा आरंभ म्हणून शिकवतो. ते मुंबईच्या वस्तीचे पुस्तक म्हणूनही वाचायला हवे. त्यातला कावाखाना, त्या बराकीतल्या आडोसे घालून केलेल्या खोल्या आणि एका तालुक्याकडची एका जातीची माणसे एकमेकांना चिकटून राहिलेली. बाप गोदीत कामाला. गोदीत हजार जातींची माणसे असतील, पण गोदी सुटल्यावर प्रत्येकजण आपापल्या वस्तीत जाई. मराठा कामगार गावकीच्या गाळ्यात गेला तो आपुलकीने. महार कामगार कावाखान्यात गेला त्यात आपुलकी होतीच, पण इतर दारे बंद असल्याची जाणीवही होती. या दोन गोष्टी बाहेरून पाहणाऱ्याला सारख्या दिसतात. ‘मंडळी आपापल्या लोकांत राहणे पसंत करतात’ असे एक वाक्य समाजशास्त्राच्या पुस्तकांत नेहमी आढळते. ‘पसंत’ हा शब्द तिथे किती ओझे वाहतो!

आता बागुलांची कथा.

निवेदक रेल्वेत नोकरी लागून उधन्याला, सुरतेजवळ, जातो. नोकरी पक्की, सरकारी. बिऱ्हाड मात्र नाही. खोलीचा विषय निघतो तसा जातीचाही निघतो. किंबहुना एकाच प्रश्नाच्या त्या दोन बाजू आहेत. हा तरुण शिकलेला, कवी वृत्तीचा, नव्या भारताच्या स्वप्नांनी भारलेला. तो जात सांगत नाही. तो संतापतो, मोठमोठे बोलतो, आणि त्या बोलण्याच्या दबदब्याने समोरचा त्याला उच्चवर्णीय समजून चालतो. पुढे रामचरण तिवारीच्या घरी त्याचे जाणे-येणे होते, पंगत होते. त्याच वेळी मुंबईचाच काशिनाथ, जो आपली जात लपवीत नाही आणि कमरेला चाकू बाळगतो, तिथे रोज अपमान झेलत आणि परतवत असतो. शेवटी चोरी उघडी पडते. निवेदकाला मार बसतो आणि त्याला सोडवतो तो काशिनाथ.

या कथेवर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे. शीर्षकातल्या ‘चोरली’ या क्रियापदावर लिहिले आहे, मनूच्या उल्लेखावर लिहिले आहे. निवेदकाची भाषा भाषणाकडे झुकते, भावनेचा आवेग कधी कधी घाटाला पेलत नाही, असाही आक्षेप आहे, आणि तो मला अंशतः मान्य आहे. पण माझ्या वाचनात या कथेचे केंद्र कुणी ‘खोली’ मानलेले नाही. माझे म्हणणे असे, की ही कथा रेल्वेची नाही, कारखान्याची नाही. कामाच्या जागी निवेदकाला जेवढा त्रास होतो त्याहून अधिक धोका त्याला काम सुटल्यानंतर आहे. नोकरी सरकारने दिली. खोली द्यायची ती गावाने. राज्यघटना कारखान्याच्या फाटकापर्यंत आली आहे आणि घरमालकाच्या उंबऱ्याशी थांबली आहे. १९६३ सालच्या मराठी कथेत हे इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुणी पाहिले होते असे मला तरी वाटत नाही.

आणि ते भाषण? दुसऱ्या वाचनात मला तो दोष वाटेना. ज्याला साध्या प्रश्नाचे साधे उत्तर देता येत नाही त्याला भाषणच करावे लागते. ‘कोणते लोक?’ या दोन शब्दांपुढे जो माणूस देश, सत्य, मानवता असले शब्द उभे करतो, तो त्यांच्या आडोशाला उभा असतो. काशिनाथला भाषणाची गरज नाही, कारण त्याने उत्तर देऊन टाकले आहे. त्याबदल्यात त्याला चाकू बाळगावा लागतो. बागुलांनी दोन माणसे निर्माण केली नसून एकाच माणसापुढचे दोन रस्ते उभे केले आहेत, असे मी म्हणेन. तिसरा रस्ता, म्हणजे नुसते नाव सांगून खोली भाड्याने घेणे, कथेत नाही. तो उधन्यात नव्हताच.

या कथेची एक जुनी वाट बडोद्याला जाते. १९१७ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया आणि लंडनचे शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शिष्यवृत्ती संस्थानची, नोकरी संस्थानची. राहायला मात्र संस्थानाच्या राजधानीत जागा नव्हती. एका पारशी सराईत ते पारशी नाव घेऊन राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना बाहेर काढले. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती स्नेही, दोघांनीही आपापल्या घरच्या अडचणी सांगितल्या. कामाठी बागेत काही तास बसून ते रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे स्वतःच लिहिले आहे. बागुलांच्या डोळ्यांपुढे हा प्रसंग होता की नव्हता, हा माझा प्रश्न नाही. बडोदा आणि उधना एकाच रेल्वेमार्गावर आहेत आणि मधे पंचेचाळीस वर्षे आहेत, एवढेच मी नोंदवतो. संस्थान जाऊन प्रजासत्ताक आले, महाराजांची नोकरी जाऊन रेल्वेची आली. घरमालकाचा प्रश्न तोच राहिला.

* * *

इथवर लिहून लेख संपवता आला असता. एखाद्या मोठ्या शहरातल्या मासिकासाठी लिहीत असतो तर संपवलाही असता. पण मी इंद्रवेल्लीत बसून लिहितो आहे, आणि इथे बसून बागुल वाचताना एक अडचण येते. बागुलांच्या कथेत आलेला माणूस दुबळा आणि गाव बलवान. आमच्याकडे, एका मोठ्या काळात, हे उलटे घडले आहे.

आमचे आजोबा पुसदच्या बाजूने इकडे आले ते १९५० नंतर केव्हातरी. त्यांना कारखान्याने बोलावले नव्हते. काळ्या जमिनीने आणि तिच्यातल्या कापसाने बोलावले होते, म्हणजे मालकाशिवायची नोकरी म्हणा. गुड्याच्या गोंड पटेलाने त्यांना झोपडी टाकायला जागा दाखवली. भाडे नाही, अनामत नाही, ‘कोणते लोक’ हा प्रश्नही नाही. हे आजोबा कौतुकाने सांगत. पुढे त्या झोपडीचे घर झाले, घरापुढे शेत आले. ते शेत मुळात कोणाच्या पट्ट्याचे, हा विषय आमच्या घरात कधी निघाला नाही. निघू लागला की आजी चुलीकडे जाई.

असे आम्ही एकटे नव्हतो. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा आदिलाबाद जिल्ह्यातच होते. सीमा ही आमच्या घराण्यांवरून नंतर गेलेली रेघ आहे. मराठवाड्यातून, विदर्भातून शेतकरी आले, व्यापारी आले, सावकार आले. लंबाडा तांडे आले, आणि १९७६ च्या कायद्याने तेलंगणात त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाल्यावर, महाराष्ट्रात तो नसल्यामुळे, आणखी आले. हायमेनडॉर्फ यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात उटनूर भागातल्या या लोंढ्याची आणि गोंडांच्या हातून निसटलेल्या जमिनींची नोंद केली आहे. जमीन हस्तांतरणाचा कायदा १९६३ मध्ये तेलंगणाला लागू झाला, १९७० मध्ये तो कडक झाला. पण जागा दाखवणारा पटेल कायदा वाचून जागा दाखवीत नव्हता आणि आम्ही कायदा वाचून ती घेतली नव्हती. २० एप्रिल १९८१, सोमवार, आठवडी बाजाराचा दिवस. जमिनीच्या प्रश्नावर सभेला निघालेल्या गोंडांवर इंद्रवेल्लीत गोळीबार झाला. सरकारी आकडा १३. गावात कुणीही तो आकडा मानत नाही. साठ आणि त्याहून अधिक सांगतात. त्या स्तूपाजवळून ती सकाळची बस रोज जाते.

म्हणून आम्हाला बागुल दोन्हीकडून वाचावे लागतात. आमच्यातला जो दलित, भूमिहीन, तो उधन्याचा निवेदक आहेच; त्याला आजही मागच्या अंगाची खोली मिळत नाही. पण मराठी म्हणून, आलेले म्हणून, आम्ही सगळेच त्या पटेलाच्या दारात उभे आहोत, आणि त्याने काही विचारले नाही याचा आम्ही काय अर्थ घेतला, हे लिहायचे राहिले आहे. मराठी साहित्याने खोली मागणाऱ्याचा आवाज फार ताकदीने उमटवला. जागा देऊन बसलेल्याचा आवाज त्यात क्षीण आहे. वाहरू सोनवणे यांच्या ‘गोधड’ (१९८७) मध्ये आणि भुजंग मेश्राम यांच्या ‘उलगुलान’ (१९९०) मध्ये तो ऐकू येतो. दोघेही महाराष्ट्राच्या हद्दीतले, पण त्यांच्या कवितेतला आदिवासी आमच्या गुड्यातल्या माणसाचा सख्खा भाऊ आहे. कथेत, कादंबरीत मात्र सीमाभागाची आमची मंडळी अजून गप्प आहेत. आमच्या भागातल्या दिवाळी अंकांत स्तूपावरच्या कविता येतात. हुतात्म्यांना वंदन करणे सोपे आहे. आपल्या आजोबांच्या झोपडीची जागा कोणाची, हे लिहिणे कठीण.

जाता जाता एक विरोधाभास. त्याच हायमेनडॉर्फ यांनी, व्हिएन्नात जन्मलेल्या आणि निजाम सरकारच्या नोकरीत आलेल्या या माणसाने, जैनूरजवळच्या मारलावाई या गोंड गावात झोपडी बांधून पत्नीसह मुक्काम केला. १९८७ मध्ये पत्नी वारल्या, त्यांचे दफनही मारलावाईलाच झाले. त्यांच्या लेखनावर आक्षेप घेता येतील, सरकारी माणूस होता असेही म्हणता येईल. पण हुद्दा होता, पैसा होता, हैदराबादेत बंगला मिळू शकत होता, आणि तरी गुड्यात राहिले. अपडाऊन केले नाही. आमच्याकडच्या नोकरदारांच्या साहित्य मंडळात मी एकदा हे बोललो तर एकाने विचारले, ‘‘त्यांना मुले होती का शाळेत जाणारी?’’ प्रश्न विनोदाने विचारला होता, पण अगदीच टाकाऊ नव्हता.

आणखी दोन विषय नवीन लेखकांसाठी सांगून ठेवतो. एक, कागजनगर. कोत्तपेट नावाचे खेडे. १९३८ मध्ये सिरपूर पेपर मिल्सची स्थापना झाली, १९४२ पासून कागद निघू लागला आणि गावाचे नावच बदलून गेले. कारखान्याने गावाचे नाव घ्यायचे, की गावाने कारखान्याचे? २०१४ मध्ये कारखाना बंद पडला, २०१८ मध्ये नव्या मालकाकडून पुन्हा सुरू झाला. मधल्या चार वर्षांत, कागद निघत नसताना, ‘कागजनगर’ या नावाच्या गावात क्वार्टरचे दार लावून बसलेल्या बाईची गोष्ट कुठे आहे? तेलुगूत कुणी लिहिली असेल तर ती मराठीत यायला हवी. सिरपूरकडे आपली भाषा बोलणारी घरे काही थोडी नाहीत. दोन, आदिलाबादचा सिमेंट कारखाना. १९८० च्या दशकात सुरू झाला, १९९० च्या दशकात थंडावला. कारखाना येणार म्हणून ज्यांनी जमीन दिली, कारखाना आला म्हणून ज्यांनी शेजारी खोल्या बांधून भाड्याने दिल्या, आणि कारखाना गेला म्हणून ज्यांच्या खोल्या ओस पडल्या, त्या तिघांना एका कादंबरीत आणणारा लेखक आमच्या जिल्ह्याला अजून मिळायचा आहे. ‘अधांतर’ लालबागेतच घडते असे थोडेच आहे?

हे लिहीत असताना परवा त्या मालकीणबाई बाजारात भेटल्या. मागची खोली अजून रिकामीच आहे. ‘‘त्या मास्तरांचं काय झालं हो? चांगला वाटला होता पोरगा,’’ असे म्हणाल्या. मी त्यांना सांगितले की त्या दिवशी तुम्ही विचारलेत त्याचे उत्तर मी दिले होते, त्याने नव्हते, आणि मला ते ठाऊक नव्हते. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. मग पिशवीतली वांगी सारखी करीत म्हणाल्या, ‘‘मग आता विचारून सांगा की.’’

काय विचारायचे, ते मी त्यांना विचारले नाही.